उत्तर खाली आणायचा खटका

माझी आत्या प्रेमला शेवगावकर गणित घेऊन बी.एस्सी. झाली आणि सत्तर साली नगरच्या एका सरकारी सर्वेक्षण कचेरीत गणक म्हणून लागली. गणक म्हणजे काय, हे आमच्या नात्यागोत्यात कोणालाच नीट कळत नव्हतं. "आकडेमोड करायला सरकार पदवीधर पोरगी ठेवतं?" असं तिच्या मावशीने तोंडावर विचारलं होतं म्हणे. माझे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, हायस्कुलातून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. त्यांना सगळे नाना म्हणत. नानांनी मात्र पहिल्या दिवशी ती घरी आल्या आल्या चप्पलही काढू न देता विचारलं, "मशीन कसं आहे?"

मशीन होतं परदेशी बनावटीचं, हिरवट रंगाचं, लोखंडी आणि एका माणसाला उचलायला जडच. पुढे आकड्यांची बटणं, वर आकडे दाखवणाऱ्या छोट्या खिडक्या, उजव्या अंगाला फिरवायचा दांडा. बटणांनी आकडा बसवायचा, दांडा फिरवायचा, की वरच्या खिडक्यांत गुणाकार हजर. पण आत्याला त्यातलं सगळ्यात आवडायचं ते निराळंच. डाव्या बाजूला एक खटका होता. तो ओढला की वरचं उत्तर आपोआप खाली यायचं आणि पुढच्या गुणाकाराला तयार होऊन बसायचं. हाताने परत काही बसवायला नको. "भाजी एका कढईतून दुसऱ्या कढईत न सांडता गेल्यासारखं वाटायचं," आत्या सांगायची.

तिच्या कामाला त्या खटक्याची फार गरज होती. तलाव बांधायचा असला की सर्वेअर दुर्बीण घेऊन रानात जायचे आणि खुणा करत करत नोंदी आणायचे. त्या नोंदींवरून जमिनीची उंची काढायचं काम आत्याचं. पहिल्या खुणेवरून दुसरीची उंची, दुसरीवरून तिसरीची. आधीचं उत्तर घेऊनच पुढचं गणित सुरू व्हायचं, आणि असं एकामागून एक मांडत गेलं की शेवटी नकाशावर रेघ उमटायची: पाणी इथपर्यंत येणार.

कचेरी सावेडीच्या रस्त्याला एका भाड्याच्या बंगल्यात होती. तेव्हा तिकडे बंगले तुरळक आणि मधे मोकळी रानं. आत्या सायकलवरून जायची. पदर कमरेला खोचलेला, केसांचा घट्ट अंबाडा, कॅरिअरला डबा. तिचं लग्न एकदा ठरून मोडलं होतं. मुलाकडच्यांना तिने नोकरी सोडलेली हवी होती आणि तिने "मग राहू दे" इतकंच म्हटलं होतं. घरी ती आणि नाना दोघंच. माझे वडील तेव्हा नाशिकला. संध्याकाळी दोघं बापलेक चहा घेत दिवसभराच्या गणितांबद्दल बोलायचे. बायकोच्या माघारी नानांच्या बोलण्याला जो थोडा जीव राहिला होता तो त्या चहाच्या वेळी दिसायचा.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. नगर जिल्ह्याला दुष्काळ नवा नव्हता, पण हा सलग तिसऱ्या वर्षी पावसाने दिलेला दगा होता. पाथर्डीकडच्या विहिरी तळाला गेल्या. जनावरं छावण्यांत, माणसं खडी फोडायला, पोरं फुकट वाटायच्या सुकडीच्या रांगेत. सरकारने पाझर तलावांची कामं काढली. माणसांना काम मिळावं आणि पुढे पाऊस झालाच तर पाणी अडावं. कचेरीत नोंदींचे गठ्ठेच्या गठ्ठे यायला लागले. दुर्बीण लावून सर्वेअर परत यायचा, की आठवडा संपायच्या आत नकाशा हवा असायचा. कारण नकाशा नाही तर काम नाही, आणि काम नाही तर त्या गावाच्या चुली बंद.

नेमका तेव्हाच तो खटका मोडला. मशीन फिरायचं, गुणाकार व्हायचा, पण खटका ओढला तरी वरचं उत्तर वरच राहायचं. आतली एक स्प्रिंग तुटली होती. पुण्याचा मेकॅनिक येऊन बघून गेला. सुटा भाग मुंबईहून मागवावा लागेल, वेळ लागेल म्हणाला.

कचेरीचे प्रमुख सुमंत वैद्य. डेप्युटी इंजिनिअर. उंच, चष्मिष्ट, सतत जीपमध्ये, सतत धुळीने माखलेला माणूस. त्यांनी आत्याला विचारलं, "चालवता येईल का तोवर?"

"येईल साहेब. वरचा आकडा वाचून हाताने खाली बसवायचा, एवढंच."

आणि ती तसं करायला लागली. वरच्या खिडक्यांतला आकडा वाचायचा, मनात म्हणायचा, बटणांवर बसवायचा, दांडा फिरवायचा. पुन्हा वाचायचा, पुन्हा म्हणायचा, पुन्हा बसवायचा. डोळे चुरचुरायचे. मान धरायची. घरी गेल्यावर पोळ्या लाटतानासुद्धा तिच्या ओठांवर आकडे चालू असायचे. नाना म्हणायचे, "प्रेमल, अगं मीठ घातलंस का कणकेत?" आणि तिला खरंच आठवायचं नाही.

त्या गठ्ठ्यांत बोरदऱ्याचा एक गठ्ठा होता. बोरदरा म्हणजे तिसगावपासून आत, डोंगराच्या कुशीतली आठ-दहा घरांची वस्ती. वस्तीच्या खालून ओढा जातो. त्या ओढ्यावर तलाव होणार होता. नियम असा, की ओढ्याच्या दोन्ही काठांनी मोजत जायचं आणि शेवटी सुरुवातीच्या खुणेशी परत येऊन मेळ घालून बघायचा. तो मेळ बसला म्हणजे मधे कुठे चूक नाही. पण बोरदऱ्याला सर्वेअर एकच, आणि त्याला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाला जायचं होतं. वैद्यसाहेब म्हणाले, "मेळ पुढच्या फेरीत घालू. आता बाई, जेवढं आहे तेवढ्यावर नकाशा करा." आत्याने केला. नकाशाप्रमाणे अंतरं मोजून माणसांनी बोरदऱ्यात चुना लावलेले दगड रोवले. दगड वस्तीच्या वरच्या अंगाला गेले. म्हणजे वस्ती पाण्यात.

मशीन दुरुस्त झालं तेव्हा उन्हाळा तोंडावर आला होता. मेकॅनिक टेरिलीनच्या शर्टाच्या बाह्या वर करून बराच वेळ खालीवर वाकत होता. शेवटी झाकण बसवून, हात पुसत तो म्हणाला, "बाई, एखादं लांबलचक गणित घाला. उत्तर ठाऊक असलेलं. म्हणजे मलाही खात्री."

आत्याने हाताला आला तो कागद ओढला. तो बोरदऱ्याचा निघाला. तिने पहिला आकडा बसवला, दांडा फिरवला, खटका ओढला. उत्तर खाली उतरलं. तिला इतक्या महिन्यांनी तो आवाज ऐकून बरं वाटलं. पुन्हा दांडा, पुन्हा खटका. शेवटचा आकडा आला आणि तिने कागदाकडे पाहिलं. कागदावर दुसराच होता.

मेकॅनिक वरमला. "थांबा, अजून उघडतो. चाकाचा दात कुठेतरी चुकतोय."

"नको," आत्या म्हणाली. तिने पुन्हा पहिल्यापासून केलं. या वेळी प्रत्येक टप्प्यावर थांबून बघत. तिसऱ्या टप्प्याला वरच्या खिडक्यांत आकडा होता एकशे सत्तेचाळीस. कागदावर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं एकशे चौऱ्याहत्तर.

तिला तिथल्या तिथे कळलं काय झालं होतं. ती आकडा मनात म्हणायची: एकशे सत्तेचाळीस. आपल्या भाषेत सात आधी येतो, चाळीस नंतर. बोटाने ऐकलं तसं दाबलं: एक, सात, चार. कागदावरही तेच उतरलं.

"उघडू का?" मेकॅनिकने पुन्हा विचारलं.

"मशीन बरोबर आहे हो तुमचं," आत्या म्हणाली. मग ती उठून मागच्या पडवीत गेली आणि पाण्याच्या माठापाशी नुसतीच उभी राहिली.

तो आकडा उंचीतून वजा व्हायचा होता, म्हणून त्या एका चुकीने पुढच्या सगळ्या खुणा खाली ओढल्या होत्या. बोरदऱ्याची घरं नकाशावर होती त्याहून खरी चांगली उंचावर होती. माणसाने हात उंच करून उभं राहावं आणि वर आणखी थोडं उरावं, एवढा फरक. पाणी भरलं तरी ते वस्तीच्या खालीच थांबणार होतं.

वैद्यसाहेब संध्याकाळी जीपमधून उतरले तेव्हा आत्या दारातच उभी होती. तिने सगळं सांगितलं. साहेबांनी कागद पाहिला, चष्मा काढला, डोळे चोळले.

"मेळ घातला असता तर सापडलं असतं," ते म्हणाले. "ती चूक माझी."

"आकडा मी बसवलाय, साहेब."

"बरं, बरं. दुरुस्ती करून वर पाठवू. मंजुरी येईल तेव्हा दगड हलतील. पावसाळ्याआधी होऊन जाईल."

"तोवर त्या लोकांना कोण सांगणार?"

"तलाठ्यामार्फत कळेल की रीतसर." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून ते म्हणाले, "बाई, माझ्याकडे आणखी कितीतरी कामं अडलीत. माणसं काम मागायला दारात बसतात. बोरदऱ्यात अजून कुणाचं काही बुडालेलं नाही. समजून घ्या."

तिने समजून घेतलं. साहेब वाईट नव्हते, हे ती पुढेही नेहमी सांगायची. पण घरी आल्यावर तिला चहा जाईना. नानांना तिने सांगितलं. मास्तर माणूस, पोराची चूक झाली की वहीवर लाल खूण करायची सवय. पण त्यांनी विचारलं ते एवढंच, "तिसगावची गाडी किती वाजता असते?"

रविवारी आत्या एकटीच निघाली. तिसगावला उतरून तिने बोरदऱ्याची वाट विचारली आणि डोक्यावर पदर घेऊन चालू लागली. उन्हाने रान पांढरं पडलं होतं. बोरीबाभळींना पाला नव्हता, होता तो शेळ्यांसाठी ओरबाडून नेलेला. ती सांगायची, की वाटेत तिने बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं. चूक झाली, पण वेळेवर लक्षात आली, आता काही भीती नाही. तिच्या मनात ती आनंदाची बातमी घेऊनच चालली होती.

वस्तीच्या तोंडाशी पहिलंच घर उघडं होतं. भिंती उभ्या, वर काही नाही. धाब्याच्या छपराची माती एका बाजूला ढीग करून ठेवलेली, लाकडं दुसऱ्या बाजूला रचलेली. भिंतीच्या आत चूल, आणि चुलीवर थेट आकाश. एक पन्नाशीची बाई लाकडांतले खिळे उपटत बसली होती.

आत्या भिंतीपाशीच थांबली.

त्या बाईचं नाव गोजरबाई. नवरा वारलेला, दोन मुली सासरी, एकुलता मुलगा पलटणीत. जमीन थोडी, ती कोरडी. वस्तीत दगड रोवले तेव्हा बाकीच्यांनी बघू पुढं म्हणून सोडून दिलं. गोजरबाई तसली नव्हती. पाणी येणारच तर लाकूड का बुडवायचं, म्हणून तिने भावकीतल्या दोघांना हाताशी धरून घर उतरवायला घेतलं होतं. वर माळावर नवं घर बांधायचं, मुलगा सुटीवर यायच्या आत.

"वस्तीची यादी कराया आल्या का?" तिने विचारलं. "बसा. पानी देते. गढूळ हाय, पर उकळल्यालं हाय."

आत्या खाली बसली. पाणी घेतलं नाही. जुळवून ठेवलेलं सगळं विसरून ती म्हणाली, "गोजरबाई, तुमचं घर बुडणार नाही. दगड चुकीच्या जागी लागलेत. पाणी इथपर्यंत येणारच नाही."

गोजरबाईचा हात थांबला. "कोन म्हनलं?"

"मीच. हिशेब मी केला होता. माझ्या हातून आकडा उलटा बसला."

तेवढ्यात गोजरबाईचा दीर गहिनीनाथ आला. त्याने शेवटचं वाक्य ऐकलं होतं. तो भडकला. "आकडा उलटा बसला? आन् घर उतरवलं त्ये? तुमच्या कागदापायी आमी घरावरची माती काढायची आन् तुमी म्हननार चुकलं? कुठं हाय तुमचा सायेब?"

"साहेबांना माहीत नाही मी आलेय ते. त्यांनी मला पाठवलेलं नाही."

"मंग कशाला आल्या?"

आत्याला रडू येत होतं आणि इथे रडणं म्हणजे ह्या बाईवर आणखी एक भार, असं वाटून ती ओठ घट्ट मिटून बसली होती. उत्तर दिलं ते गोजरबाईनेच. "वरडू नगंस. वरडून धाबं व्हनार हाय का?" मग आत्याकडे वळून, "मधली तुळई इकली म्या. सागवानी हुती. सासऱ्यानं आनल्याली. गाईला कडबा न्हवता. म्हनलं, नवं घर ल्हानच बांधू, एकटीला कशाला मोठं. ती तुळई आता येत न्हाई माघारी."

ती रागावून बोलली असती तर सोपं गेलं असतं, असं आत्या म्हणायची. गोजरबाई नुसतं सांगत होती, आणि सांगता सांगता खिळा उपटत होती.

खिळा बाजूला ठेवून गोजरबाई म्हणाली, "तुमी खरं बोलत असाल. पर परवाच्याला बी सरकारी मान्सं खरंच बोलत हुती. दगुड लावून गेली. आता तुमच्या शब्दावर म्या भिंतीवर माती चढवायची, आन् आखाडात पानी घरात शिरलं तर?"

"नाही शिरणार."

"मला दावा. जिमिनीवर दावा. कागदावर न्हाई."

"दाखवते," आत्या म्हणाली. कशी दाखवणार, हे तिला त्या क्षणी ठाऊक नव्हतं. दुर्बीण तिच्या ताब्यात नव्हती, ती चालवायचा हुकूमही तिला नव्हता.

सोमवारी ती वैद्यसाहेबांच्या टेबलापुढे उभी राहिली. "साहेब, बोरदऱ्यात एका बाईने घर उतरवलंय." आपण गेलो होतो हेही तिने सांगितलं. साहेब आधी चिडले. परवानगी न घेता कशा गेलात, गावात काही झालं असतं तर, वर कळलं तर. आत्या ऐकत राहिली. मग त्यांनी विचारलं, "पूर्ण उतरवलंय?"

"हो. चूल उघड्यावर आहे."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर जीपचा ड्रायव्हर बोनेट उघडून त्यात डबड्याने पाणी ओतत होता. "गोरक्षनाथला बोलवा," ते म्हणाले.

गोरक्षनाथ म्हणजे तोच सर्वेअर, ज्याने बोरदऱ्याच्या नोंदी घेतल्या होत्या. त्याच आठवड्यात तिघं जीपने गेले. वस्ती गोळा झाली. गोरक्षनाथने ओढ्याच्या पात्रातल्या ठरलेल्या खुणेवर दुर्बीण लावली आणि काठाकाठाने वर चढत आला. या वेळी दुसऱ्या काठाने उतरून मेळही घातला. आत्या शेजारी उभी राहून आकडे मांडत होती, आणि प्रत्येक आकडा मोठ्याने, सुटासुटा उच्चारत होती. एक. चार. सात. गहिनीनाथ तिच्या तोंडाकडे संशयाने बघत होता.

मेळ बसला. नवी रेघ गोजरबाईच्या घराच्या बऱ्याच खाली गेली, ओढ्याकडच्या बांधाला. तिथे साहेबांनी स्वतः पहार मारून खड्डा केला आणि दगड बसवला. मग वर येऊन त्यांनी गोजरबाईपुढे हात जोडले. "बाई, मेळ घालायला मीच नको म्हणालो होतो. चूक कचेरीची आहे."

गोजरबाई खाली गेली. त्या दगडापाशी उभी राहिली आणि तिथून आपल्या घराकडे बघत राहिली. जाताना ज्या चालीने गेली होती त्याच चालीने वर आली आणि गहिनीनाथला म्हणाली, "माती भिजवाया घ्या."

घर पुन्हा उभं राहायला बराच काळ गेला. पाणी प्यायलाच नव्हतं तर माती भिजवायला कुठलं? साहेबांनी कामावरच्या टँकरमधून थोडं थोडं पाणी सोडायला सांगितलं. ते नियमात बसत नव्हतं, आणि त्यांनी ते कुठे लिहिलंही नाही. वस्तीतली माणसं खडीच्या कामावरून परत आली की तासभर हात लावायची. आत्या रविवारी जायची. पहिल्या रविवारी तिने मातीची पाटी डोक्यावर घेतली आणि चार पावलांत सांडली. बायका हसल्या. गोजरबाई हसली नाही, पण तिने आपल्या डोक्यावरची चुंबळ काढून आत्याच्या डोक्यावर ठेवली.

मधली तुळई नव्हतीच. आत्याने नगरच्या वखारीत चौकशी केली होती, नाना तर स्वतः जाऊन लाकूड बघून आले होते. गोजरबाईला विचारलं तर ती म्हणाली, "न्हाई. तुमी हातानं करताय त्ये करा. इकत घिऊन देऊ नगा. न्हाईतर मला रोज वर बघताना तुमचं तोंड दिसंल." मग घर आवळलं. तीन खणांचं होतं ते दोन खणांचं झालं. जिथे दाणे ठेवायची खोली होती तिथे उघडं आवार राहिलं. मुलगा पलटणीतून सुटीवर आला तेव्हा म्हणे बराच वेळ त्या आवारात उभा होता.

कचेरीत आत्याला खुलासा मागणारं पत्र आलं. वैद्यसाहेब म्हणाले, "मशीन बिघडलं होतं, असं लिहा. खोटं नाही ते. मेकॅनिकची पावती आहे."

आत्याने नानांना विचारलं. नाना म्हणाले, "मशीन काय करत नव्हतं ते लिही. आणि तू काय केलंस तेही लिही." तिने दोन्ही लिहिलं. खटका बंद होता, म्हणून उत्तर हाताने बसवावं लागत होतं. हाताने बसवताना आकडा माझ्याकडून उलटा झाला. मेळ घातला न गेल्याने तो पकडला गेला नाही. साहेबांनी शेवटच्या वाक्याखाली स्वतःची सही केली, ही गोष्ट मला त्यांच्याबद्दल सगळ्यात मोठी वाटते. दोघांच्याही नावावर शेरा पडला. साहेबांची बढती लांबली आणि आत्याला कायम व्हायला सोबतच्या लोकांपेक्षा जास्त थांबावं लागलं. ती त्याबद्दल कधी कुरकुरल्याचं कोणाला आठवत नाही. पण त्या वर्षी ती फार वाळली. मशीन नीट चालत असूनही खटका ओढल्यावर ती खालचा आकडा वरच्याशी पडताळून बघायची, आणि मगच दांड्याला हात लावायची. काम मंद झालं म्हणून तिला बोलणी बसायची.

त्र्याहत्तरला पाऊस झाला. बोरदऱ्याचा तलाव भरला नाही, निम्मा झाला. पाणी दगडाच्या खूप खाली राहिलं. पुढच्या वर्षी मात्र तो काठोकाठ भरला, सांडव्यावरून पाणी गेलं, आणि ते दगडाला टेकून थांबलं. ही बातमी आत्याला गोरक्षनाथने कचेरीत येऊन सांगितली. त्या दिवशी तिने डबा न खाता तसाच घरी आणला आणि नानांनी विचारल्यावर म्हणाली, "भूकच विसरले."

त्याच हिवाळ्यात नाना गेले. झोपेतच गेले. दुःखात माणसं येतात, बसतात, जातात. दहाव्याच्या आधी एका दुपारी दारात गोजरबाई उभी राहिली. काळपट लुगड्याचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, काखेत गाठोडं. तिला गोरक्षनाथकडून कळलं होतं. माझी आई तेव्हा नाशिकहून आलेली होती. ही कोण बाई, असं तिने आत्याला डोळ्यांनीच विचारलं. आत्या काही सांगणार, त्याआधी गोजरबाई आत येऊन तिच्याजवळ जमिनीवर बसली.

"मास्तर लाकूड बघाया गेल्ते आमच्यासाठी," ती म्हणाली. "म्या नको म्हनलं. पर गेल्ते. ते ध्यानात हाय माझ्या."

तेव्हा आत्या रडली. नाना गेल्यापासून पहिल्यांदा, असं आई सांगते. गोजरबाईने तिला जवळ घेतलं नाही, पाठीवर हातही फिरवला नाही. शेजारी बसून राहिली, बराच वेळ. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि आईला म्हणाली, "वयनी, तुमी बसा जरा. भाकरी म्या थापते."

ती दहावं होईपर्यंत राहिली. सोवळ्याओवळ्याचं एका काकूंनी काही काढलं, तेव्हा आत्या माजघरातून म्हणाली, "त्या माझ्या पाहुण्या आहेत." संध्याकाळी त्या दोघी मागच्या ओट्यावर बसायच्या. गोजरबाई मुलाच्या पलटणीबद्दल सांगायची, आत्या ऐकायची. कधी कधी आई चहा ठेवून परत फिरायची.

जायच्या दिवशी आत्या तिला सोडायला स्टँडवर गेली. पाथर्डीची गाडी लागली, तिला खिडकीशी जागा मिळाली.

"औंदा बाजरी बरी हाय," गोजरबाई आतून म्हणाली. "सुगीला या. आन् येताना मळकी साडी नेसून या, पोती उचलाया लागतील."

"येईन," आत्या म्हणाली.

कंडक्टरने घंटी मारली. गाडी वळून रस्त्याला लागली. आत्याला अर्ध्या दिवसाची रजा होती, पण ती तशीच सायकलवरून सावेडीकडे, कचेरीत गेली.